शिर्डी उत्तरेला, मग विमानाचं नाक पश्चिमेकडे का?

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गेला असाल तर एक गोष्ट कदाचित तुमच्या नजरेत आली असेल. वाशिष्ठीची खाडी ओलांडायची आहे, समोर धोपाव्याचा धक्का स्वच्छ दिसतो आहे, पण ओहोटीचं पाणी जोरात असलं की बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धक्क्याकडे नसते. ती डावीकडे, खाडीच्या आतल्या अंगाला वळवलेली असते. तिथे कुणालाच उतरायचं नसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, बोट भलतीकडेच चालली. आणि थोड्याच वेळात ती नेमकी धक्क्याला लागते.

पाणी समुद्राकडे ओढतं, म्हणून बोट आतल्या बाजूला धरून हाकायची, एवढं बोट चालवणाऱ्या तांडेलाला पुरतं. मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. ‘सदिश’ हा धडा आला की वर्गात जी शांतता पसरते ती मला चांगली ओळखीची आहे. साइन, कोसाइन, बाण, घटक यांच्या गर्दीत मुलं हरवतात. खरं तर तांडेल रोज जे करतो तेच कागदावर मांडायचं असतं. म्हणून आज वाऱ्यातून जाणाऱ्या विमानाचं एक गणित अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत सोडवू. विमान छोटं, वाट आपल्या ओळखीची: बारामती ते शिर्डी.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. गणित चुकतं ते बहुतेक वेळा त्याच्यामुळे.

आपल्याला वाटतं, वारा विमानाला बाजूने ढकलतो आणि विमान त्याच्याशी झुंजत पुढे जातं. जमिनीवर उभं राहून वारा अंगावर घेतल्यामुळे आपल्याला तसंच सुचतं. पण आपले पाय जमिनीला टेकलेले असतात, विमानाचे नसतात. एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात विमान त्या हवेच्याच आत असतं, हवेबरोबर वाहत असतं. सतरंजीवर एक मुंगी चालते आहे आणि तुम्ही सतरंजी हळूहळू उजवीकडे ओढता आहात अशी कल्पना करा. मुंगीला कुणीही ढकलत नाही. ती तिच्या चालीने सतरंजीच्या दुसऱ्या काठाकडे सरळ निघाली आहे. फरशीवरून पाहणाऱ्याला मात्र ती तिरकी जाताना दिसते. गरम हवेच्या फुग्यातून उडणाऱ्यांना वारा जवळपास जाणवतच नाही तो याच कारणाने. फुगा वाऱ्याच्याच वेगाने जातो, त्यामुळे त्यांच्या मानाने हवा स्थिर असते. खाली शेतं सरकत असतात आणि टोपलीला बांधलेली फडकी लोंबती असतात.

तेव्हा ‘विमानाचा वेग किती?’ हा प्रश्न अर्धवट आहे. पुढे विचारायला हवं, कुणाच्या मानाने? हवेच्या मानाने एक उत्तर, जमिनीच्या मानाने दुसरं. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो जेट ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. त्या दिवशी अटलांटिकवर वादळी हवामान होतं आणि उंचावर पश्चिमेकडून वाहणारा जोराचा वारा, म्हणजे जेट प्रवाह, जबरदस्त होता. जमिनीच्या मानाने त्या विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला. समुद्रसपाटीला ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो. मग त्या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. ध्वनी हवेतून जातो, त्यामुळे तुलना हवेतल्या वेगाशी करायची, आणि हवेच्या मानाने ते जम्बो नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. मुंगी नेहमीसारखीच चालत होती, सतरंजी मात्र कुणीतरी जोरात ओढली होती.

तीन बाण

बालभारतीच्या पुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. ताशी २०० किलोमीटर ही चाल झाली. ताशी २०० किलोमीटर, उत्तरेकडे, हा वेग झाला. ज्या राशीला आकड्याबरोबर दिशाही लागते ती सदिश, आणि सदिश कागदावर काढायचा तर बाण काढायचा. जेवढा आकडा मोठा तेवढा बाण लांब.

वाऱ्याच्या गणितात बाण तीनच असतात. पहिला, हवेच्या मानाने विमानाचा वेग. दुसरा, जमिनीच्या मानाने हवेचा वेग, म्हणजेच वारा. तिसरा, जमिनीच्या मानाने विमानाचा वेग, म्हणजे नकाशावर विमान प्रत्यक्षात जातं ती वाट. पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याची शेपूट जोडली की सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणारा बाण हा तिसरा. क्रम उलटा केलात, आधी वारा आणि मग विमान, तरी उत्तर तेच येतं. मी मुलांना प्रत्येक बाणावर नाव लिहायलाच लावते: ‘विमान, हवेत’, ‘हवा, जमिनीवर’, ‘विमान, जमिनीवर’. ज्या वहीत नावं असतात तिथे गणित क्वचितच चुकतं. ज्या वहीत नुसते आकडे असतात तिथे कुणीतरी विमानाच्या २०० मध्ये वाऱ्याचे ५६ मिळवून २५६ लिहून मोकळं झालेलं असतं.

आणखी एक खाचखळगा आहे तो भाषेतला. आपण वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचं नाव देतो. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. कोकणात रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा तो मतलई वारा. हवामान खातं आणि विमानतळही वाऱ्याची दिशा सांगतात ती तो येतो तिकडची. मात्र विमानाची दिशा सांगतात ती ते जातं तिकडची. तेव्हा ‘पश्चिमेचा वारा’ वाचलं की बाण पूर्वेकडे तोंड करून काढायचा. परीक्षेत मी पाहिलेल्या चुकांत या एका चुकीचा वाटा फार मोठा आहे.

बारामती ते शिर्डी

बारामतीला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. तिथल्या धावपट्टीवरून शिर्डीचा विमानतळ सुमारे १६० किलोमीटर आहे, आणि दिशा जवळजवळ उत्तर. खरी दिशा पश्चिमेकडे किंचित झुकलेली आहे, पण हिशोब स्वच्छ राहावा म्हणून आपण सरळ उत्तर धरू. विमान चार आसनी, हवेतला वेग ताशी २०० किलोमीटर. दिवस पावसाळ्यातला, पण उघडीप असलेला. दीडेक किलोमीटर उंचीवर या दिवसांत वारा चांगलाच जोराचा असतो. आपण पश्चिमेचा वारा धरू, ताशी ५६ किलोमीटर.

वारा नसता तर? १६० भागिले २००, म्हणजे ४८ मिनिटं.

आता समजा नव्या वैमानिकाने वाऱ्याकडे लक्षच दिलं नाही. नाक सरळ उत्तरेला धरलं आणि ४८ मिनिटांनी खाली पाहिलं. या वेळात तो हवेतून १६० किलोमीटर उत्तरेला आला, हे बरोबर. पण तेवढ्याच वेळात हवा त्याला घेऊन पूर्वेला सरकली: ५६ गुणिले ०.८ तास, म्हणजे जवळजवळ ४५ किलोमीटर. शिर्डी राहिली पश्चिमेला आणि हा श्रीरामपूरही मागे टाकून कुठल्यातरी उसाच्या शेतांवर घिरट्या घालतो आहे. सगळे आकडे त्याने बरोबर पाळले होते. चुकला तो एक बाण.

मग नाक किती वळवायचं? इथे कंपासपेटी काढा. खरंच काढा, कारण हे हाताने एकदा केलं की कायमचं लक्षात राहतं. प्रमाण घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे ताशी २० किलोमीटर. कागदाच्या खालच्या बाजूला एक बिंदू घ्या, ही बारामती. तिथून वर सरळ तुटक रेघ काढा, ही आपल्याला हवी असलेली वाट. तिची दिशा ठाऊक आहे, लांबी अजून ठाऊक नाही. आता बारामतीपासूनच उजवीकडे २.८ सेंटिमीटरचा बाण काढा. हा वारा. या बाणाच्या टोकावर कंपासचं टोक रोवा, कंपास १० सेंटिमीटर उघडा, कारण विमानाचा हवेतला वेग २०० आहे, आणि तुटक रेघेला छेद द्या. जिथे छेद मिळाला तिथपर्यंत वाऱ्याच्या टोकापासून रेघ जोडा. हे विमानाचं नाक. ते डावीकडे, म्हणजे पश्चिमेकडे झुकलेलं दिसेल. कोनमापक लावा: उत्तरेपासून सुमारे १६ अंश. बारामतीपासून छेदापर्यंत पट्टी लावा: ९.६ सेंटिमीटर. गुणिले २०, म्हणजे ताशी १९२ किलोमीटर.

पायथागोरसने पडताळून पाहा. २०० चा वर्ग ४०,०००, ५६ चा वर्ग ३,१३६, वजाबाकी ३६,८६४, आणि त्याचं वर्गमूळ नेमकं १९२. (७, २४, २५ या त्रिकुटाची ही आठपट. आकडे मी मुद्दाम तसे निवडले.) १६० भागिले १९२ म्हणजे बरोबर ५० मिनिटं. वारा बाजूचा आहे, समोरून अजिबात नाही, तरी दोन मिनिटं जास्त लागली. कारण विमानाच्या २०० पैकी काही वेग वाऱ्याची भरपाई करण्यात जातो आणि उत्तरेसाठी उरतात १९२.

इथे पुष्कळ मुलं एक शॉर्टकट घेतात: नाक सरळ धरल्यावर विमान जेवढ्या अंशांनी भरकटतं तेवढेच अंश उलट वळवायचे. ते जवळ जातं, पण बरोबर नाही. भरकटण्याचा कोन १५.६ अंश येतो, सुधारणेचा १६.३. पहिल्या त्रिकोणात काटकोन विमान आणि वारा यांच्यामध्ये असतो, दुसऱ्यात वाट आणि वारा यांच्यामध्ये. त्रिकोणच वेगळा असल्याने कोनही वेगळा. वारा जितका जोराचा, तितका हा फरक वाढत जातो.

हाच त्रिकोण सोडवण्यासाठी १९३० च्या दशकात फिलिप डाल्टन या अमेरिकी नौदलाच्या माणसाने एक फिरती चकती तयार केली. पुढे ती ‘ई-सिक्स-बी’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या हातात गेली. चकतीवरची पारदर्शक पट्टी फिरवायची, पेन्सिलीने वाऱ्याचा ठिपका द्यायचा, सरकवायचं आणि कोन वाचायचा. वैमानिक होऊ पाहणारी मुलं आजही ती शिकतात. आत आहे तो आपण आत्ता काढलेलाच त्रिकोण.

वारा तिरका असला तर

पश्चिमेचा वारा सोयीचा होता, कारण तो वाटेला काटकोनात होता. खरा मोसमी वारा बहुधा नैऋत्येचा असतो. तोच ताशी ५६ चा वारा नैऋत्येकडून आला तर त्याचे दोन तुकडे करायचे, यालाच घटक म्हणतात. एक तुकडा वाटेच्या दिशेने, दुसरा वाटेला आडवा. नैऋत्य म्हणजे ४५ अंश, म्हणून दोन्ही तुकडे सारखे, सुमारे ३९.६. (५६ चे दोन भाग करून २८-२८ होत नाहीत. बाण असे तुटत नाहीत. ५६ हा त्या चौकोनाचा कर्ण आहे.) आडव्या ३९.६ ची भरपाई करायला नाक साडेअकरा अंश पश्चिमेकडे. मग उत्तरेसाठी विमानाचे उरतात १९६ आणि वर वाऱ्याचा दुसरा तुकडा फुकटात मदत करतो, ३९.६. एकूण जवळपास २३६. शिर्डी पावणेएक्केचाळीस मिनिटांत.

वैमानिक कॉकपिटमध्ये कोसाइन काढत बसत नाहीत. त्यांच्याकडे घड्याळाची युक्ती आहे. वारा आणि वाट यांच्यातला कोन मिनिटं समजायचा. १५ अंश म्हणजे पाव तास, तर आडवा वारा एकूण वाऱ्याच्या पाव. ३० अंश म्हणजे अर्धा. ४५ म्हणजे पाऊण. ६० आणि त्याहून जास्त असेल तर सगळाच वारा आडवा धरायचा. ४५ ला खरं उत्तर ०.७१ आहे, युक्ती ०.७५ सांगते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला.

जाताना मिळालं ते येताना परत जातं का?

मला या सगळ्या विषयात हा प्रश्न सर्वात आवडतो. जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर, म्हणजे फिटंफाट झाली असं वाटतं. करून पाहू.

वारा नसताना जाऊन-येऊन ९६ मिनिटं. आता ताशी ५६ चा वारा सरळ उत्तरेचा धरा. जाताना तो तोंडावर, म्हणून वेग १४४, वेळ ६६ मिनिटं ४० सेकंद. येताना २५६, वेळ साडेसदतीस मिनिटं. एकूण १०४ मिनिटं. आठ मिनिटं गेली कुठे? उत्तर वेळेत आहे. समोरच्या वाऱ्याने विमान मंद झालं, म्हणून ते त्या त्रासात जास्त वेळ राहिलं. पाठीमागच्या वाऱ्याने ते जलद झालं, म्हणून तो फायदा थोडाच वेळ मिळाला. तोटा सदुसष्ट मिनिटं चालला, फायदा सदतीसच. बरोबरी कशी होणार?

पश्चिमेच्या आडव्या वाऱ्यात जाऊन-येऊन १०० मिनिटं. नैऋत्येच्या तिरक्या वाऱ्यात येताना ६१ मिनिटांच्या वर लागतात, एकूण १०२. कुठल्याही दिशेचा एकसारखा वारा घ्या, त्याच वाटेने जाऊन परत यायला वारा नसतानापेक्षा जास्तच वेळ लागतो, आणि सरळ रेषेतला वारा आडव्यापेक्षा महाग पडतो.

या शेवटच्या वाक्याने भौतिकशास्त्र हलवलं आहे. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांना वाटे की प्रकाश ‘ईथर’ नावाच्या अदृश्य माध्यमातून जातो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, तेव्हा तिच्यावर ईथरचा वारा वाहत असणार. १८८७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे अल्बर्ट मायकेलसन आणि एडवर्ड मोर्ली यांनी एक प्रकाशकिरण दोन भागांत फोडला, एकाला या दिशेने आणि दुसऱ्याला त्याच्या काटकोनात पाठवून आरशावरून परत आणलं. आपल्याच शिर्डीच्या दोन फेऱ्या, एक वाऱ्याच्या रेषेत आणि एक आडवी. १०४ आणि १०० सारखा फरक दिसायला हवा होता, अर्थात अतिसूक्ष्म. सगळी यंत्रणा दगडाच्या जाड शिळेवर ठेवून ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली होती, म्हणजे ती अलगद फिरवून पाहता यावी. अपेक्षेएवढा फरक दिसलाच नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने मांडलं की प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच दिसतो, ईथर धरायची गरजच नाही. ‘कुणाच्या मानाने?’ हा आपला लाडका प्रश्न फक्त प्रकाशापुढे थांबतो. विमानं, बोटी, मुंग्या यांच्यासाठी तो पक्का आहे.

मुंबईत उतरताना

मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ लिहिलेलं असतं. हे होकायंत्रावरचे अंश, शेवटचं शून्य काढून. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात.

तोंडावर वारा घेऊन उतरण्यात शहाणपण काय? प्रवासी जेट उतरताना हवेच्या मानाने ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतं. एवढा वेग पंखांना लागतोच, आणि तो हवेच्या मानाने लागतो. समोरून ४० चा वारा असेल तर जमिनीच्या मानाने वेग २२०. पाठून असेल तर ३००. ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दुसऱ्या वेळी ती पहिल्याच्या जवळजवळ १.९ पट होते. ओल्या धावपट्टीवर हा फरक लहान नाही.

आता नैऋत्येचा ताशी ५० चा वारा घ्या. धावपट्टीशी ४५ अंश, म्हणून ३५ समोरून आणि ३५ आडवा, डावीकडून. विमानाने नाक वाऱ्याकडे, डावीकडे सुमारे ८ अंश वळवलेलं असतं. खिडकीतून पाहिलं तर शहर तिरकं सरकताना दिसतं, आणि धावपट्टीच्या टोकाशी उभं राहून पाहिलं तर विमान खेकड्यासारखं आडवं येताना दिसतं. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण ती फेरीबोटीची नाळच आहे. हवेत असेपर्यंत विमान अगदी सरळ उडत असतं, त्याच्या मानाने काहीही तिरकं नसतं.

तिरकेपणा अडचणीचा होतो तो चाकांमुळे. चाकं हवेची नाहीत, जमिनीची आहेत, आणि ती फक्त नाकाच्या दिशेने फिरतात. ८ अंश वळलेल्या अवस्थेत ती टेकली तर टायर बाजूने घासतील. म्हणून टेकण्याच्या अगदी आधी वैमानिक पायाने रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचं, उजवं पेडल दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो. पण नाक सरळ झालं की आडवा वारा लगेच विमान उजवीकडे सरकवू लागतो. तेव्हा त्याच वेळी डावा पंख किंचित खाली झुकवून ते सरकणं रोखून धरायचं, आणि आडवा वारा जोराचा असला तर डाव्या बाजूची चाकं आधी टेकतात, मग उजवी. पुढच्या वेळी पावसात उतरताना पाठीला दोन वेगळे धक्के जाणवले तर ते हे.